वाट, खिंड आणि खाण : प्रवासलेखनातील परतीची अट

मराठीतील प्रवासवर्णनाच्या चर्चेत एक गोष्ट इतकी गृहीत धरली गेली आहे की तिचा स्वतंत्र विचार करण्याची गरज समीक्षेला फारशी भासलेली नाही. ती गोष्ट म्हणजे प्रवाशाचे घर. प्रवासी निघतो तेव्हा त्याच्या पाठीशी एक घर असते, ते काही काळ सोडण्याची त्याला मुभा असते, आणि प्रवास संपला की तेथे परत येऊन तो पाहिलेले सांगू लागतो. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' या पुस्तकांची प्रकृती परस्परांहून अगदी भिन्न आहे. परंतु निघणे, पाहणे आणि परतणे हा तिहेरी क्रम तिन्हींत अबाधित राहतो. डॉ. वसंत सावंत यांच्या 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' या ग्रंथाने ह्या लेखनाला स्वतंत्र अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ज्याला परतण्याजोगे घरच नाही, किंवा ज्याची वाट घराकडून घराकडे न जाता एका कामावरून दुसऱ्या कामाकडे जाते, त्याच्या प्रवासाचे लेखन मराठी समीक्षा कोणत्या कप्प्यात ठेवते?

सोलापूर आणि त्याला लागून असलेला माणदेशाचा टापू डोळ्यांसमोर ठेवला तर हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. मैलोगणती उजाड माळ, मध्येच एखादी खिंड, खिंडीच्या पोटात दगडाची खाण, आणि खाणीच्या आधाराने उभी राहिलेली, काम संपताच उठणारी पालांची वस्ती असे या भागातील रस्त्याचे रूप आहे. १९७२च्या दुष्काळात या जिल्ह्यातील हजारो हातांनी खडी फोडली. रोजगार हमीची योजना याच सुमारास आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या वाटांची माती उपसणारे मातीवडार, दगड वाहणारे गाडीवडार आणि दगड घडवणारे पाथरवट यांचेच काम त्या वर्षांत कुणबी-शेतकऱ्यालाही करावे लागले. म्हणजे ज्या रस्त्यावरून प्रवासी जातो तो रस्ताच कुणाच्या तरी सक्तीच्या प्रवासातून निर्माण झालेला असतो. मराठीत या दुसऱ्या प्रवासाचे लेखन विपुल आहे. मात्र ते दलित आत्मकथन, ग्रामीण कादंबरी वा कथा म्हणून वाचले जाते. प्रवासाचे लेखन म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

या विभागणीला इतिहासाचाही आधार नाही. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चा उल्लेख प्रवासवर्णनाच्या प्रत्येक इतिहासात आरंभीच येतो. १८८३च्या सुमारास लिहिलेला आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ सत्तावनच्या बंडाची साक्ष म्हणून वाखाणला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु वरसईचा हा भिक्षुक सातपुडा ओलांडून उत्तरेकडे निघाला तो हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले आणि अखेर हाती राहिली ती गंगोदकाची कावड. पोटासाठी केलेली पायपीट हाच मराठी प्रवासलेखनाच्या एका आद्य ग्रंथाचा पाया आहे. पुढील काळात मध्यमवर्गीय प्रवाशाने या प्रकाराचा ताबा घेतला तेव्हा हे मूळ विस्मरणात गेले. गोडसे भटजींना परतीची अट पाळता आली, म्हणूनच त्यांना यादीत स्थान राहिले, असेही म्हणता येईल.

अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनात तर ही विभागणी एकाच लेखकाला दुभंगते. १९६१ मध्ये ते सोव्हिएत रशियात गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी लिहिले. ज्या स्टालिनग्राडचा पवाडा त्यांनी पूर्वीच रचला होता, त्याच्या देशात जाण्याचा योग त्यांना पुष्कळ वर्षांनी आला. म्हणजे त्यांच्या बाबतीत गाणे आधी झाले आणि प्रवास मागाहून. हे पुस्तक प्रवासवर्णनाच्या यादीत निर्वेधपणे येते. परंतु त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा प्रवास याच्या तीस वर्षे आधीचा आहे. वारणेच्या खोऱ्यातील वाटेगावाहून साठे कुटुंब पायी मुंबईला आले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. चरित्रकार सांगतात की वाटेत जेथे दगड फोडण्याचे काम मिळे तेथे हे कुटुंब थांबे आणि काम संपले की पुढची वाट धरी. सह्याद्रीचा जो घाट आगगाडीच्या खिडकीतून पाहून कितीतरी मराठी लेखकांच्या वर्णनशक्तीला भरते आले, तोच घाट या अकरा-बारा वर्षांच्या मुलाने खडीच्या ढिगाशेजारी मुक्काम करीत ओलांडला. त्या प्रवासाचे स्वतंत्र वर्णन म्हणावे असे पुस्तक अण्णा भाऊंनी लिहिले नाही. त्याचा आशय मात्र त्यांच्या कथेत उतरलेला दिसतो, आणि 'स्मशानातील सोनं' ही कथा त्याचा सर्वांत उग्र आविष्कार आहे.

या कथेतील भीमा वारणाकाठचा. गावात काम नाही म्हणून तो मुंबईला येतो; शहर त्याला सामावून घेत नाही म्हणून शहराच्या कडेला, जंगलाजवळच्या उपनगरात जातो. तेथे त्याला दगडाच्या खाणीत काम मिळते. काही महिन्यांनी खाण बंद पडते. एका रात्री चितेच्या राखेत त्याला सोने सापडते आणि तेव्हापासून तो मसणवटीतली राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. कोल्ह्यांशी झालेली त्याची झुंज आणि प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे हे भाग वाचकाच्या स्मरणातून जात नाहीत, आणि या कथेवरील बहुतेक लेखन त्या भीषणतेपाशीच रेंगाळते. प्रवासाच्या दृष्टीने पाहिले असता मात्र कथेची रचनाच वेगळी दिसू लागते. गाव, शहर, उपनगर, खाण, स्मशान अशा टप्प्यांनी भीमाची वाट जाते आणि प्रत्येक टप्प्यावर ती अधिक निरुंद होते. यातला एकही टप्पा त्याने पाहण्यासाठी निवडलेला नाही. विशेष म्हणजे खाण आणि स्मशान या दोन्ही ठिकाणी त्याची क्रिया एकच आहे : खणणे. खाणीत त्याला दगड खणून मजुरी मिळत होती. खाण बंद झाल्यावर तेच कसब तो मृतांच्या भूमीवर वापरतो. भूक त्याला भूत-पिशाच्चाच्या भयापलीकडे नेते, हे तर खरेच; पण अण्णा भाऊ त्याहून कठोर काही सांगतात. बोटे कापली गेल्यावर भीमाच्या कानी बातमी येते ती खाण पुन्हा सुरू झाल्याची. परतण्याचे ठिकाण उघडते, आणि नेमका तेव्हाच परतण्यास लागणारा हात उरलेला नसतो. प्रवासवर्णनाने गृहीत धरलेली परतीची अट या कथेत अशा रीतीने मोडली जाते.

रस्त्याविषयी सैद्धांतिक विचार करताना मिखाईल बाख्तिन याचे स्मरण अपरिहार्य आहे. कादंबरीतील स्थलकालाचे विवेचन करताना त्याने रस्त्याला मोठे महत्त्व दिले. एरवी सामाजिक अंतरामुळे कधीच एकत्र न येणारी माणसे रस्त्यावर योगायोगाने भेटतात आणि ते अंतर तेथे गळून पडते, असे त्याचे प्रतिपादन आहे. हा रस्ता अद्भुत परमुलखातला नसतो, तो ओळखीच्या स्वदेशातूनच जातो, हेही तो आवर्जून सांगतो. दुसरे विधान मराठीला चपखल लागू पडते. पहिले मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. पंढरीची वाट म्हणजे सामाजिक अंतर मिटवणारा रस्ता, ही आपली आवडती समजूत. कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या, त्या सहवासाने भारावल्या, पंढरीला जाणाऱ्या लोकांचा प्रदेश तो महाराष्ट्र असा बोधही त्यांना त्या वाटेवर झाला. पण एकाच दिंडीतल्या जाती वेगवेगळ्या चालतात, वेगवेगळ्या जेवतात, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या आणि ती अस्वस्थता त्यांनी लेखातून वगळली नाही. समाजशास्त्रज्ञाची नोंद आणि यात्रेकरूची ओढ यांतील ताण हेच त्या लेखाचे बळ आहे. अर्थात येथेही चालणारी व्यक्ती घरी परतणार आहे. रस्त्यावरील अंतर तिला दिसते. ते तिला सोसावे लागत नाही.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) हे अंतर सोसणाऱ्याच्या बाजूने आले आहे, आणि ते प्रथम येते सहलीच्या प्रसंगातून. शाळेची मुले सहलीला जातात. सवर्ण मुले एका झाडाखाली, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली. आणि जेवणानंतर पहिल्या झाडाखालचे उष्टे दुसऱ्या झाडाखाली येते. ही आत्मकथनातील एक हृदयद्रावक घटना म्हणून पुष्कळदा उल्लेखिली जाते. परंतु तिचे स्थान लक्षात घेतले पाहिजे. लेखक आपली कहाणी ज्या घटनेच्या आधाराने सुरू करतो ती एक सहल आहे. म्हणजे घर सोडून, हौसेने, पाहण्यासाठी आणि परत येण्यासाठी केलेला प्रवास. प्रवासवर्णनाच्या संकेतव्यवस्थेतील सगळे घटक तेथे हजर आहेत, आणि त्यांच्याच पोटातून जातीची रेषा जाते. घरी आल्यावर आई रागावते ती मुलाने उष्टे खाल्ले म्हणून नव्हे. त्यातले थोडे घरी का आणले नाही, म्हणून. सहलीहून परतणाऱ्या मुलाला घरी काय सांगायचे असते, या प्रश्नाचे इतके दाहक उत्तर मराठीत दुसरीकडे सापडणे कठीण.

याच पुस्तकातील अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा एस्‌. टी. स्टँड बाख्तिनच्या रस्त्याला दिलेले अनभिप्रेत उत्तर ठरतो. निवेदकाचे कुटुंब त्या स्टँडच्या आसऱ्याने राहते. दादा तेथे हमाली करतात. स्टँड हे मूलतः कुणाचेच नसलेले ठिकाण. गाडी येते, माणसे उतरतात, चढतात, निघून जातात. लिंबाळे यांच्या निवेदकासाठी मात्र तेच घर आहे. इतरांच्या प्रवासातला क्षणभराचा थांबा हा त्याच्या बालपणाचा कायमचा मुक्काम असतो. येथे भेटी होतात, परंतु बाख्तिनला अभिप्रेत असलेला योगायोग त्यांत नाही. उतरणाऱ्याला हमाल हवा असतो आणि हमालाला पैसा. अंतर गळून पडत नाही, ओझ्याच्या रूपाने ते एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते. ज्या रस्त्याने जग हन्नूरला येते तो रस्ता या मुलाला कोठेच नेत नाही, निदान शिक्षण मिळेपर्यंत तरी. सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्या अंथरुणापासून सुटतात, ही वस्तुस्थिती पुस्तकात प्रतीक म्हणून सजवलेली नाही आणि म्हणूनच ती परिणामकारक आहे.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) घरही नाही आणि थांबाही नाही. गाढवांच्या पाठीवरचा संसार, गावाबाहेर पडणारे पाल, कणग्या-डालग्यांना गिऱ्हाईक असेतोवरचा मुक्काम. त्यातील प्रवासाची भाषाही निराळी आहे. प्रवासवर्णनातील क्रियापदे 'निघालो, पोहोचलो, परतलो' अशी एकेकदाच घडतात; येथे निघणे हे रीतीचे आहे, त्याला तारीख नाही. गोव्यातील खाणींकडे वळले तर आणखी एक उलटापालट दिसते. पुंडलिक नायक यांच्या 'अच्छेव' (१९७७) या कोंकणी कादंबरीत माणूस गाव सोडून वाटेला लागण्याआधी वाटच गावात शिरते. खनिज ट्रकांतून नदीकडे, नदीतून बार्जवर चढून मुरगावच्या बंदराकडे जाते. प्रवास मातीचा होतो आणि जागच्या जागी असलेले कुटुंब विस्थापित होते. मराठी वाचकाने ही कादंबरी 'उपरा'च्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. ज्यात कुणीतरी कोठून तरी कोठेतरी जातो असे सर्वच लेखन प्रवासलेखन ठरवले तर वाङ्मयप्रकार ही संकल्पनाच निरुपयोगी होईल. आक्षेप रास्त आहे, आणि 'उपरा'ला किंवा 'अक्करमाशी'ला प्रवासवर्णन म्हणावे असा येथे आग्रहही नाही. मुद्दा इतकाच की परतीची अट ही या प्रकाराची नैसर्गिक मर्यादा नसून एका विशिष्ट वर्गाच्या अनुभवातून आलेला संकेत आहे. संकेत म्हणून ती ओळखली की प्रस्थापित प्रवासवर्णनांचे वाचनही बदलते. त्यांतील घर कोणाच्या बळावर स्थिर राहिले आहे, निवेदकाला रस्त्यावरची कोणती माणसे 'दृश्य' म्हणून दिसतात आणि कोणती मुळीच दिसत नाहीत, हे विचारता येते. अण्णा भाऊंचे रशियाचे पुस्तकही मग वेगळे दिसते, कारण तो प्रवासी परतला तो घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत.

या दृष्टीने व्यंकटेश माडगूळकर यांचे लेखन विशेष उद्बोधक आहे, कारण त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहिले. ऑस्ट्रेलियाच्या प्रवासावरील त्यांच्या पुस्तकाचे नाव 'पांढरी मेंढरे हिरवी कुरणे'. काळ्या मेंढरांच्या आणि करपलेल्या माळांच्या मुलखातून आलेल्या लेखकाने परक्या देशाला दिलेले हे नाव माणदेशाचे उलटे चित्र आहे. एकेका विशेषणात मागे राहिलेले गाव उभे आहे. 'बनगरवाडी' (१९५५) मात्र कादंबरी म्हणूनच वाचली जाते. तिची रचना वस्तुतः प्रवासवर्णनाची आहे : औंध संस्थानातला तरुण मास्तर पहाटेच्या अंधारात पायी निघून वाडीत येतो, परक्या माणसांत राहतो, पाहतो, आणि शेवटी निघून जातो. निघणे, पाहणे, परतणे हा क्रम त्याच्यापुरता पूर्ण होतो. परंतु दुष्काळाने धनगर आधीच मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडलेले आहेत. मास्तर निरोप घेतो तो ओस पडलेल्या घरांचा. ज्याला परतता येते तो निवेदक, आणि ज्यांना परतता येईल की नाही हे पावसावर अवलंबून आहे ते धनगर, या दोघांना माडगूळकरांनी एकाच पायवाटेवर आणून सोडले आहे. कादंबरी संपते तेव्हा त्या वाटेवर मास्तर एकटाच चालत असतो.