सिवनीच्या जंगलात ओरांगउटान

डिस्नेच्या १९६७च्या 'द जंगल बुक'मध्ये शेरखान पहिल्यांदा दिसतो, तो एका हरिणीवर दबा धरलेला. तिथे पॉझ करा आणि हरिणीकडे नीट बघा. अंगावर ठिपके नाहीत, म्हणजे चितळ नव्हे. सांबराचा दणकट बांधाही नाही. ही बाई 'बॅम्बी'ची आई आहे! १९४२च्या त्या सिनेमासाठी केलेलं अ‍ॅनिमेशन पंचवीस वर्षांनी पुन्हा वापरलंय. बॅम्बीचं कुटुंब अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचं. म्हणजे आपला वाघ मध्य भारतात बसून अमेरिकन हरणाची शिकार करायला निघालाय.

मोगलीला चाटणारी लांडग्याची पिल्लंही अशीच, 'द सोर्ड इन द स्टोन'मधल्या (१९६३) कुत्र्यांवरून उतरवलेली. पुढे 'रॉबिन हूड'मध्ये (१९७३) बल्लूचा नाच लिटल जॉनच्या अंगावर चढवला. आवाजही त्याच फिल हॅरिसचा, त्यामुळे तो बल्लूच तपकिरी रंग लावून इंग्लंडला गेल्यासारखा वाटतो. दिग्दर्शक वुल्फगँग राइटरमनला या काटकसरीची सवयच होती. अशा चुका सापडल्या की मजा येते. पण त्यातून एवढंच कळतं, की हाताने चित्रं काढणं फार महाग पडतं.

काही चुका तर विनोदासाठी मुद्दाम केलेल्या. हत्तींच्या कळपाची प्रमुख सगळ्यात वयस्कर हत्तीण असते. सिनेमात मात्र कर्नल हाथी कवायत घेतो. ब्रिटिश फौजेची टिंगल करायची तर कर्नल हवाच. इथे प्राणिशास्त्राचं पुस्तक काढून बसणाऱ्याला गंमत कळलीच नाही, असं मी म्हणेन.

किंग लुईचं प्रकरण वेगळं आहे.

तो ओरांगउटान आहे, आणि ओरांगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवर राहतात. सिवनीच्या जंगलात वानरं आणि लाल तोंडाची माकडं. हे जंगल आपल्याला परकं नाही. त्याच पट्ट्यातल्या पेंचचा एक भाग नागपूर जिल्ह्यात येतो, आणि किपलिंगच्या गोष्टींतली वैनगंगा पुढे भंडाऱ्यावरून वाहते. किपलिंग स्वतः सिवनीला कधी गेला नव्हता असं मानतात. त्याच्याही चुका आहेत. बल्लूला त्याने तपकिरी अस्वल म्हटलंय, तर तिथलं अस्वल काळं, झिपरं, वारुळं फोडून वाळवी खाणारं. गंमत म्हणजे डिस्नेचा निळसर बल्लू मुंग्या खाण्याचं गाणं म्हणतो, म्हणजे चुकून का होईना, तिथे बरोबर ठरतो.

पण लुईची खरी चूक भूगोलाची नाहीच. १८९४च्या पुस्तकात बंदरलोगांना राजा नसतो. सगळ्या जंगलाला कायदा आहे, यांनाच नाही. ते मोठमोठ्या गोष्टी ठरवतात आणि क्षणात विसरतात. त्यांना पुढारी नाही, म्हणूनच बाकीचे प्राणी त्यांची दखल घेत नाहीत. अशा टोळीला राजा दिला की ती टोळीच उरत नाही. सिनेमातली माकडं विसरभोळी नाहीत. त्यांना माणूस व्हायचंय, आणि त्यासाठी आग हवी आहे. ही पूर्ण वेगळी गोष्ट झाली.

ती का झाली? वॉल्ट डिस्नेने आपल्या लेखकांना पुस्तक वाचू नका असं सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. मग न्यू ऑर्लीन्सचा गायक लुई प्रीमा आला, त्याच्या आवाजाला शोभेल असं धिप्पाड, नाचरं शरीर हवं झालं आणि लंगूर मागे पडला. लुई हे नावसुद्धा गायकाचंच. आणि खरं सांगू? सिनेमातला सगळ्यात जिवंत प्रसंग तोच आहे. पडक्या राजवाड्यातला तो नाच मी कितीही वेळा बघेन. मात्र तो बघताना हे जंगल नेमकं कुठलं, याची कोणाला फिकीर नव्हती, हेही दिसत राहतं. थिएटरात बसलेल्यांपैकी कोणी वैनगंगेकाठचा असेल, असं स्टुडिओत कोणाच्या मनातही आलं नसावं.

२०१६मध्ये जॉन फावरोने नवा 'जंगल बुक' केला, तेव्हा ही चूक सुधारायचं ठरलं. भारतात ओरांगउटान नसतो, म्हणून लुईला 'जायगँटोपिथेकस' केलं, म्हणजे काही लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय कपी. पत्ता दुरुस्त करायच्या नादात काळ चुकला. गाणं ठेवलं, आणि राजाही ठेवला.