व्याख्यान तिसरे : माहितीपत्रकातले गुरू

मागच्या वेळी आपण सांख्यांच्या पुरुष-प्रकृतीवर बोललो आणि शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं की, या सगळ्याचा आज उपयोग काय? मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देतो. ते थोडं लाजिरवाणं आहे, कारण त्यात मी स्वतः आहे.

निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी एका योगवर्गातून फोन आला. त्यांचा ‘होलिस्टिक योग शिक्षक प्रशिक्षण’ असा महिन्याभराचा अभ्यासक्रम होता आणि तत्त्वज्ञान शिकवायला माणूस हवा होता. मी हो म्हटलं. आठवड्याभरात छापील माहितीपत्रक घरी आलं. गुळगुळीत कागद, आतल्या पानावर सहा फोटो, सहावा माझा. खाली मजकूर : योगदर्शनाचे गाढे अभ्यासक, पस्तीस वर्षांची साधना. साधना! पस्तीस वर्षं मी बीए-एमएच्या मुलांना कांट आणि न्यायदर्शन शिकवलं. वज्रासनात मला दहा मिनिटं बसवत नाही. दुरुस्ती करा म्हणून फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, आता छापून झालंय.” आणि मी गप्प बसलो.

ते माहितीपत्रक मी जपून ठेवलंय. आज त्याचंच परीक्षण करायचं आहे, जसं आपण एखाद्या ग्रंथाचं करतो तसं. बाकीच्या पाच परिचयांची भाषा पाहा. एकाला लहानपणापासून योगाची ओढ. एक हिमालयात गुरूंच्या सान्निध्यात राहून आलेले. कुठल्या गुरूंच्या, किती दिवस, हे नाही. एकीने कॉर्पोरेट नोकरी सोडून ‘अंतर्यात्रा’ सुरू केलेली. सगळे परिचय वाचून झाल्यावर लक्षात येतं की, या माणसांना काय वाटतं हे आपल्याला कळलं. काय येतं हे कळलं नाही.

न्यायदर्शनात यासाठी नेमका शब्द आहे : आप्त. मराठीत आपण तो नातेवाइकांसाठी वापरतो, पण नैयायिकांच्या लेखी आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबता येतं असा माणूस. वात्स्यायनाने त्याची कसोटी सांगितली आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणून घेतली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो हेही सांगतो की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे दाढी, भगवी वस्त्रं, पीएचडी यांतलं काहीही पुरत नाही. माझ्या फोटोखालचा मजकूर पहिल्याच अटीवर नापास होतो.

आता ज्यांच्या जिवावर हे सगळे अभ्यासक्रम उभे आहेत त्या शिक्षकांना ही कसोटी लावू. हा आपल्याच भागाचा इतिहास आहे, आणि आपल्याला तो फारसा माहीत नसतो. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. दोघांचे गुरू एकच, गुजरातेत मालसरला राहणारे परमहंस माधवदास. कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे; त्याआधी ते अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत काम करत होते. (आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना अमळनेर म्हटलं की प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिर आठवतं. एवढ्याशा गावाने किती माणसं पोसली!)

कुवलयानंदांची मला भावलेली गोष्ट अशी. हठयोगी सांगत आले होते की, नौली करताना आतडं पाणी वर ओढून घेतं. शिष्याने एकतर मान डोलवायची किंवा हसायचं. यांनी दाबमापक आणला आणि मोजलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं त्यांना दिसलं. त्या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’, आणि ‘योगमीमांसा’ या आपल्या त्रैमासिकात ते प्रयोग छापले. गुरुभक्ती आणि दाबमापक एकाच खोलीत! हा आप्त. मर्यादा त्यांनाही होती. यंत्र मोजणार ते प्रकृतीलाच. पुरुषापुढे दाबमापक मुका. पण जे मोजलं ते त्यांनी जगापुढे ठेवलं, आणि ते कुणालाही तपासता येत होतं.

अय्यंगारांची तऱ्हा वेगळी. म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे शिकून ते १९३७ साली पुण्यात आले, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला. वय एकोणीसच्या आत-बाहेर, मराठी येत नाही, शाळा अर्धवट. आपलं ज्ञान तुटपुंजं आहे हे त्यांनी कधी लपवलं नाही. तासन्‌तास सराव करून स्वतःच्याच शरीरात ते शोधत राहिले. ‘लाइट ऑन योगा’ १९६६ साली आलं आणि पतंजलीवरचं पुस्तक १९९३ साली, सत्तरी उलटल्यावर! आणि आमचे माहितीपत्रकवाले पतंजली पहिल्या आठवड्यातच उरकतात. त्यांच्या रागाच्या कथा पुण्यात अजून सांगितल्या जातात, आणि त्या सगळ्याच हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. आप्त असणं म्हणजे सौम्य असणं नव्हे. वात्स्यायनाच्या कसोटीत ही जागा मोकळीच राहिली आहे, हे आपण मान्य करू.

आता तासांचा हिशेब. जगभर चालणारा २०० तासांचा साचा अमेरिकेतल्या योगा अलायन्स या संस्थेचा. ती संस्था १९९९ सालची. या साच्यात तत्त्वज्ञान, आचारधर्म वगैरे मिळून तीस तास. शरीररचनेला आधी वीस होते, नंतर तीस केले. कुठेतरी किमान मर्यादा हवीच, म्हणून मी या साच्याला नावं ठेवत नाही. पण किमान म्हणून ठरवलेली गोष्ट आपल्याकडे पुरेशी म्हणून विकली जाते. मला तर नऊच तास दिले होते, तेही जेवणानंतरचे.

आणि ‘होलिस्टिक’ हा शब्द. तो ज्या ‘होलिझम’वरून आला, तो शब्द प्राचीन ऋषींचा नाही; जनरल स्मट्स यांनी तो १९२६ साली आपल्या पुस्तकात घडवला. हो, तेच स्मट्स, ज्यांच्याशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत लढले आणि ज्यांना त्यांनी तुरुंगात बनवलेल्या चपला भेट दिल्या. समग्रतेचं तत्त्वज्ञान लिहिणारा हा माणूस वर्णभेदाच्या राज्यकारभारात मुरलेला होता. असो. शब्द परका आहे याला माझी हरकत नाही. हरकत अशी की, माहितीपत्रकात लिहिलं होतं : पतंजलींचा योग म्हणजे शरीर, मन आणि आत्मा यांचं मीलन. मागच्या व्याख्यानाला जे आले होते त्यांना आत्ताच खटकलं असेल. पतंजली सांख्यांच्या पायावर उभा आहे. त्याला पुरुष आणि प्रकृती यांची ओळख वेगवेगळी करून द्यायची आहे. कैवल्य म्हणजे एकटेपण, सुटणं. आसनाला तिथे मोजून तीन सूत्रं. मीलनाचा योग तुम्हाला हवा असेल तर तो दुसऱ्या परंपरांत आहे, खुशाल घ्या. पण पतंजलीच्या नावावर खपवू नका. हे मी वर्गात सांगितलं. संचालक मागे उभे होते. नंतर चहाच्या वेळी म्हणाले, “सर, जरा लाइट ठेवा ना, लोक पॉझिटिव्ह व्हायला येतात.”

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. नर्सची नोकरी सोडून, दागिना मोडून फी भरलेली. म्हणाली, “सर, सोमवारपासून गावात माझी बॅच सुरू होतेय. पहिल्याच बाईंच्या मानेत गॅप आहे. सर्वांगासन देऊ का?” मी म्हटलं, हे शरीररचनेच्या सरांना विचार. “विचारलं. ते म्हणाले, बॉडीचं ऐका.” जरा थांबून म्हणाली, “पण सर, बॉडी त्यांची. ती मला कशी ऐकू येणार?”

मी तिला म्हटलं, देऊ नकोस, आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. आणि मला यातलं काही कळत नाही, हेही लक्षात ठेव. ती म्हणाली, “देऊ नये हे मलाही कळत होतं सर. महिनाभरात कुणीतरी ‘मला कळत नाही’ म्हणेल याची वाट बघत होते.”

पुढच्या बॅचच्या वेळी मी माझा परिचय आधीच लिहून पाठवला. दोन ओळी : तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. योगसूत्रे वाचली आहेत, योग केलेला नाही. नवं माहितीपत्रक आलं तेव्हा त्यात पाचच फोटो होते.

पुढच्या वेळी शब्दप्रमाण घेऊ. प्रश्न असतील तर आता विचारा, पण माइक हातात घेऊन, म्हणजे लिहून घेणाऱ्यांना ऐकू येईल.