फासावरच्या माणसाचं पुस्तक

हुतात्म्याचं पुस्तक हाती घ्यायचं तर आधी हात जोडायचे, असा आपल्याकडे रिवाज. आम्ही भंडाऱ्याची चार-सहा पोरं हात न जोडताच वाचायला बसलो. रविवारी, विहारात, मोठ्यानं.

दामोदर हरी चापेकर. चिंचवडच्या कीर्तनकाराचा थोरला पोरगा. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या साठ वर्षांच्या राज्याचा सोहळा आटोपून निघालेल्या रँडला त्यानं गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी घातली. धाकट्या बाळकृष्णाच्या गोळीनं आयर्स्ट मेला. रँड ३ जुलैला गेला. १८ एप्रिल १८९८ ला दामोदर येरवड्यात फासावर चढला, आणि मे १८९९ मध्ये वासुदेव, बाळकृष्ण व त्यांचा सोबती महादेव रानडे. एका आईची तीन पोरं! हे धाडस खोटं होतं असं म्हणणारा आमच्यात कुणी नाही.

पण समीक्षा फासाची करायची नसते, शब्दांची करायची असते. तुरुंगात लिहिलेलं हे आत्मवृत्त रोखठोक आहे, त्यात लपवाछपवी नाही. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं ते सांगतो, आणि सुधारकांवर हात टाकला तेही. एकाच चवीनं सांगतो! इथं आम्ही थबकलो. त्याच्या लेखी रँड आणि सुधारक एकाच रांगेतले, दोघंही धर्म बुडवणारे. आपली व्याख्यानबाज मंडळी पुतळ्याची गोष्ट रंगवून सांगतात आणि दुसरी गिळून टाकतात. दामोदर त्यांच्यापेक्षा प्रामाणिक, त्यानं दोन्ही लिहून ठेवल्या.

मग सैन्याची पानं आली. त्याला शिपाई व्हायचं होतं, इंग्रजांनी घेतलं नाही. आमच्यातला एक ओरडलाच, 'अरे, हे तर आपलं गाऱ्हाणं!' खरंच आहे. त्याच दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. पेन्शनर शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्यासाठी सरसेनापतीच्या नावानं विनंतीपत्र लिहिलं. एकाच दारातून हाकललेली दोन माणसं. पण एकमेकांशी बोलणार कशी? दामोदर जो धर्म वाचवायला निघाला, त्यात वलंगकरांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. मला विचाराल तर या पुस्तकातलं खरं दुःख हे आहे, आणि लेखकाला त्याचा पत्ताच नाही.

आता प्लेगबद्दल. गोरे शिपाई घरात घुसले, देवघरं विटाळली, बायांची तपासणी केली, हा त्याचा संताप. जुलूम होताच, कोण नाकारतो? पण प्लेग म्हणजे आधी माणूस मरतो. त्याच पुण्यात त्याच साली सावित्रीबाई फुले रोगी गोळा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आणलं. स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडवर गोळी झाडली गेली ती त्यानंतर साडेतीन महिन्यांनी.

हे चाललं असताना कोपऱ्यात एक आजी बिडीची पानं कापत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "त्या महाराच्या पोराले कोनं उचललं म्हन्ता?"

सावित्रीबाईनं, आम्ही सांगितलं.

"मंग तिचं पुस्तक आना न बाबू."

पुढच्या रविवारी सावित्रीबाईंची पत्रं वाचायची ठरलं आहे. दामोदरचं पुस्तक मात्र अजून परत केलेलं नाही. सैन्याची पानं पुन्हा एकदा वाचायची आहेत.