अज्ञातवासातले नाटक

सेन्सॉरला बोट ठेवायला ओळच सापडू नये, असे लेखन पाहायचे असेल तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ वाचावे. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्याचा रोख व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनवर, पण त्यात कर्झनचे नाव कुठेही नाही. आहे ते विराटपर्व.

पहिली दाद कथेच्या निवडीला. द्रौपदीच्या विटंबनेचा प्रसंग म्हटला की आधी द्यूतसभा आठवते; पण तिथे पांडव पणात हरून दास झालेले. विराटनगरीत ते सबळ आहेत, फक्त ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. मनगटात बळ आहे आणि ते दाखवायची चोरी, ही तर प्रेक्षकांचीच अवस्था! त्यातून सगळे वेष पालटून वावरणारे. पात्रांच्या बरोबरीने नाटकाचा आशयही अज्ञातवासात राहतो, ही योजना लाजवाब.

आता कीचक पाहा. तो राजा नाही. राणीचा भाऊ आणि सेनापती. गादीवर विराट, दरारा कीचकाचा. दुसऱ्याच्या नावाने सत्ता गाजवणारा हा उन्मत्त कारभारी व्हाइसरॉयच्या मापाचा निघावा, यासाठी मूळ कथेला मुरड घालावी लागत नाही. जे व्यासांचेच आहे, ते खोडणार कोण?

सर्वांत नाजूक जागा युधिष्ठिराची. कंक झालेला धर्मराज म्हणजे मवाळ, बल्लव झालेला भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षक ओळखत. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले, त्यांचा कल उघड होता. पण धर्मराजाच्या संयमाला पुराणानेच कारण दिले आहे, त्यामुळे त्याचा पक्ष पोकळ ठरत नाही. दोन्ही बाजू ऐकून प्रेक्षक आपल्या पायांनी भीमाकडे जातो. आणि शेवट तर नावातच जाहीर! वध होणार हे ठाऊक असताना ‘कधी?’ एवढ्याच प्रश्नावर सभागृह ताणून धरायचे, याला नाटककाराची छाती लागते.

नाव न घेण्याच्या खाडिलकरांच्या संयमाचे मोल कलकत्त्याच्या उदाहरणाने कळते. १८७६ साली तिथे जगदानंद मुखर्जी या वकिलावर प्रहसन झाले आणि नायकाचे नाव ठेवले गजदानंद. अक्षरांची एवढीशी उलटापालट सरकारला पुरली. लगेच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा झाला. ‘कीचकवध’वर बंदी यायला १९१० उजाडले.

त्याच वर्षीच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने या नाटकाचा अर्थ फोडून सांगितला. कर्झनचे नाव मात्र रंगमंचावर उच्चारले जात नाही, हेही त्याला लिहावे लागले. बंदी घालायची तर कीचकात आपला व्हाइसरॉय दिसतो, हे आधी मान्य करणे आले. जे विधान खाडिलकरांनी कुठेच केले नव्हते, ते त्यांनी सरकारकडूनच वदवून घेतले.