शर्यत कीं पहारा?

श्री. टोनी ज्युनिपर यांचा ‘स्पिक्सेस मकॉ’ (२००२) हा इंग्रजी ग्रंथ कादंबरीइतकाच चित्तवेधक आहे. ब्राझीलच्या बाहिया प्रांतांत १९९० सालीं या निळ्या पोपटांपैकीं एकच नर रानांत उरलेला आढळला. त्यानें परजातीच्या मादीशीं जोडी जमविली होती. पक्षी जितका दुर्मिळ, तितकी संग्राहकांची हांव अधिक, हें क्रूर गणित लेखकानें समर्थपणें मांडलें आहे. तथापि ग्रंथाच्या उपशीर्षकांतील ‘शर्यत’ हा शब्द आम्हांस खटकतो. २००० सालीं तो नर दिसेनासा झाला, हें जगास कशानें कळलें? सतत पाहणाऱ्या डोळ्यांनींच! पिंजऱ्यांत वाढविलेले पक्षी २०२२ सालीं त्याच प्रदेशांत सोडण्यांत आले. अशा पक्ष्यांचें पुढें काय होतें, हें धांवून नव्हे, पाहत राहूनच समजतें. आपल्याकडील पक्षिनिरीक्षक मंडळांनीं हा ग्रंथ याच दृष्टीनें वाचावा.