कुटी, पत्र आणि धुके

ऐतिहासिक व्यक्तीच्या जतन केलेल्या घरात आजच्या कलावंताला स्थान असावे काय? आपल्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न सेवाग्रामच्या बापू कुटीपाशी येऊन थांबतो. माती-बांबूचे ते घर आणि त्यातील मोजक्या वस्तू पाहिल्या की येथे काही वाढविणे म्हणजे बिघडविणेच, असे वाटते. ही भावना आदराचीच आहे.

तथापि कला त्या घराला परकी नाही. ही कुटी मुळात मीराबेन यांची. भिंतीवर मातीतच उठविलेली झाडेही त्यांच्याच हातची. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना पाचारण केले, तेही गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यानिशी.

या संदर्भात जितीश कल्लाट यांची 'कव्हरिंग लेटर' (२०१२) ही कलाकृती विचारात घ्यावी. २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे पत्र लिहिले. त्यावर पत्ता वर्ध्याचा होता. ब्रिटिश सरकारने ते पोहोचू दिले नाही. चाळीस दिवसांनी पोलंडवर आक्रमण झाले. कल्लाट हेच पत्र काळोख्या दालनात धुक्याच्या पडद्यावर उमटवितात. प्रेक्षक त्यातून चालत गेला की अक्षरे विस्कटतात. न पोहोचलेल्या शब्दांसाठी याहून समर्पक माध्यम क्वचितच सापडेल. दोष एवढाच की, धुके फार देखणे आहे. त्याच्या मोहिनीत पत्राची व्यथा हरवू शकते. २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारतीय दालनात ही कृती मांडली गेली. तिची खरी कसोटी मात्र वर्ध्यातच लागेल.

ती कुटीत मांडावी, असे मी म्हणणार नाही. मातीच्या भिंतींना ओल सोसत नाही आणि तेथील रितेपण हीच त्या घराची वाणी आहे. परिसरातील एखाद्या स्वतंत्र दालनात, काही आठवड्यांपुरती, पत्राच्या मराठी अनुवादासह ती यावी. आधी कुटीत शांत बसावे, मग त्या धुक्यातून जावे.

केवळ चष्मा आणि चरखा पाहून आपण नमस्कार करतो व निघून येतो. हिटलरला 'मित्र' म्हणून संबोधणाऱ्या त्या पत्रापुढे नमस्कार पुरत नाही. शत्रूवर प्रीती करा, हे वचन दर रविवारी ऐकणाऱ्या आपणांस तरी ते पत्र निरुत्तर करील. जी नवी कला असा प्रश्न घेऊन येईल, तिच्यासाठी जुन्या घराचे दार उघडावे. केवळ शोभेसाठी येणाऱ्या कलेला ते बंदच बरे.