हैदराबाद नं. १२ ए

लंडनच्या हेंडन भागात रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये एफ १०१० या क्रमांकाचे एक विमान आहे. मी ते फोटोंतूनच पाहतो, जालन्यात माझ्या टेबलावर, भिंग धरून. डी हॅविलँड डीएच-९ए, पहिल्या महायुद्धातले दोन आसनी बाँबफेकी विमान. वैमानिक त्याला लाडाने ‘नाइनॅक’ म्हणत. निजामाने दिलेली भेट असे त्याच्या अंगावर इंग्रजीत लिहिलेले आहे आणि पुढे नाव आहे: ‘हैदराबाद नं. १२ ए’.

१९१८ मध्ये ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पहिली विमाने निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून आली आणि स्क्वाड्रनच्या नावात ‘हैदराबाद’ कायमचे बसले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. इथल्या काळ्या रानाचा शेतसारा त्याच राज्याच्या खजिन्यात पडत होता. म्हणून या विमानाचे मॉडेल करायला बसलो की परक्या देशाचे यंत्र करतो आहे, असे मला वाटत नाही. त्या नावात आमचे गावही धरलेले आहे.

आधी नाक पाहावे. इतर विमानांची नाके निमुळती. याचे चौकोनी, जुन्या मोटारीच्या तोंडासारखे, कारण समोरच भलामोठा रेडिएटर उभा आहे. त्यामागे अमेरिकन लिबर्टी इंजिन, बारा सिलिंडरचे, ४०० अश्वशक्तीचे. आधीच्या डीएच-९ चे इंजिन दुबळे ठरले होते. ती उणीव या नाकाने भरून काढली. मग नजर मागे न्यावी. त्याआधीच्या डीएच-४ मध्ये वैमानिक आणि निरीक्षक यांच्यामध्ये पेट्रोलची टाकी होती. शत्रू मागे लागला तरी एकाचे ओरडणे दुसऱ्याला ऐकू जाणे मुश्कील. नाइनॅकमध्ये दोघांच्या बैठका पाठीला पाठ लागाव्यात इतक्या जवळ आहेत. किटमध्ये या दोन भोकांतले अंतर जरा जास्त पडले की माझा जीव कासावीस होतो. या विमानाची सगळी माया त्या अंतरात आहे.

रंगाचा प्रश्न मात्र अनेक रात्री खाणारा आहे. पंखांच्या वरच्या बाजूला लावायच्या संरक्षक लेपाचे नाव पी. सी. १०. तो हिरवा की तपकिरी, यावर मॉडेल करणाऱ्यांच्या पिढ्या भांडल्या. लेपात होते काय? लोहयुक्त पिवळी माती आणि काजळी. पिवळ्यात काळे मिसळले की हिरवट झाक येते, हे रंगपेटी हाताळलेल्या कुठल्याही मुलाला माहीत असते. त्यावर तेलाचे व्हार्निश पिवळसर होत जाते, ऊन लागते, आणि तोच हिरवा चॉकलेटी दिसू लागतो. म्हणजे भांडणारे दोघेही खरे. विमानाचे वय तेवढे विचारायचे राहून जाते. खालचे कापड लिननचे, म्हणजे जवसाच्या धाग्याचे. आम्ही जवसाची चटणी खाणारी माणसे. त्याच झाडाच्या एका जातीच्या धाग्यावर १४ मीटर पंखविस्ताराचे यंत्र हवेत तरंगत होते! हे कापड फासळ्यांवर ढोलकीच्या कातड्यासारखे ताणलेले असे. बहुतेक किटमध्ये ते दोन फासळ्यांमध्ये झोळीसारखे लोंबते. तिथे पॉलिश पेपर घेऊन निर्दयपणे घासावे.

पण हेंडनच्या प्रतीला साक्षीदार मानताना जपून. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी कैसर्सलाउटर्न-पिर्मासेन्सच्या मोहिमेवर हे विमान जर्मनांच्या हाती पडले. कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली युद्धकैदी झाले. विमान बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धात तिथून पोलंडला. १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात ते ब्रिटनला परत मिळाले. ते स्पिटफायर क्राकूव्हच्या संग्रहालयात आहे. या वणवणीत पंख हरवले, ते नव्याने बांधावे लागले. म्हणून धडाच्या मोजमापांसाठी मी एफ १०१० चे फोटो डोळे मिटून मानतो; पंखांवरच्या रंगाला मात्र जीर्णोद्धार करणाऱ्यांचे मत समजतो, आणि १९१८ च्या काळ्यापांढऱ्या फोटोंकडे वळतो.

त्याच स्क्वाड्रनची पुढची विमानेही मोह घालतात. बोधचिन्हावर वाघ मिरवणाऱ्या या स्क्वाड्रनची पाच ब्लेनहाइम विमाने ४ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, वॉटिशॅमहून जर्मन युद्धनौकांवर गेली. ‘ॲडमिरल शेअर’वर बाँब पडले, पण फुटले नाहीत. एक विमान परतले नाही. ब्लेनहाइम मार्क चारचे लांबवलेले नाक डाव्या अंगाला खोबणीसारखे खाली उतरते, वैमानिकाला पुढचे दिसावे म्हणून. त्या बेढब नाकावर मी फिदा आहे. १९४२ मध्ये स्क्वाड्रन भारतात आली आणि तिला व्हेंजन्स विमाने मिळाली. उभ्या सुरासाठी त्यांचे पंख असे बसवलेले की सरळ उडतानाही ती नाक वर करून चालत. स्टँडवर लावताना हे विसरू नये.

माझे नाइनॅक १:७२ चे, पंख साडेएकोणीस सेंटिमीटर. त्याच्या अंगावरच्या नावातले दोन इंचांचे अक्षर या मापात पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. डेकल छापून घ्या, असे मित्र सांगतात. मी ते हातानेच लिहितो. वैशाखात दुपारी रंग कुंचल्याच्या टोकावरच वाळतो, म्हणून पहाटे पाचला उठतो, श्वास रोखतो आणि एका बैठकीत एकच अक्षर. काल ‘हैदराबाद’मधला ‘डी’ झाला.